वहिवाट कोणाची, पाणी कोणाचं?

मागच्या अंकात स्कारबरो खडकाबद्दल लिहिलं होतं. फिलिपिन्सच्या लुझॉन बेटापासून साधारण १२० सागरी मैलांवरचा हा खडक. २०१२पासून चीनच्या गस्ती बोटी तिथं ठाण मांडून आहेत. फिलिपिन्सनं जानेवारी २०१३मध्ये लवादाकडे धाव घेतली. १२ जुलै २०१६ला पाच सदस्यांच्या लवादानं सांगितलं, की चीन आपल्या नकाशावर काढतो त्या नऊ तुकड्यांच्या रेषेतल्या पाण्यावर त्याला कुठलाही ‘ऐतिहासिक हक्क’ सागरी कायद्यानं मिळत नाही. चीन सुनावणीला आला नाही आणि निवाडाही मानत नाही.

त्यावर भरपूर पत्रं आली. ३४ वर्षं जहाजावर काढली आणि नंतर नेरुळला कॅडेटांना चार्टवर्क, म्हणजे सागरी नकाशावरचं काम, शिकवलं, त्यामुळे हे प्रश्न मला घरचेच. त्यातली पाच पत्रं इथं घेतली आहेत. शेवटचं खरं तर सगळ्यांत आधी छापायला हवं होतं, पण आधीची चार वाचल्याशिवाय त्याचं उत्तर नीट कळणार नाही, म्हणून ते शेवटी ठेवलं.

प्रश्न : कॅप्टन काका, मी बारावीत आहे आणि पुढे स्पर्धा परीक्षा देणार आहे. ज्या बेटांवर माणूस नाही, प्यायला पाणी नाही, त्यांच्यासाठी चीन आणि जपानसारखे देश इतके का भांडतात? क्लासमध्ये ‘तेलासाठी’ एवढंच सांगितलं.
– एक विद्यार्थिनी, ऐरोली

तुझ्या क्लासचं उत्तर चूक नाही, अपुरं आहे. कंपासपेटीतलं कर्कटक काढ आणि वहीच्या पानावर मधोमध एक टिंब दे. ते आपलं बेट. सागरी कायद्याचा आंतरराष्ट्रीय करार १९८२चा, तो १९९४पासून लागू आहे. त्याप्रमाणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैल हा त्या देशाचा प्रादेशिक समुद्र. २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे तिथले मासे आणि तळाखालचं तेल, वायू काढायचा हक्क त्याचा एकट्याचा. जहाजं कोणाचीही तिथून जाऊ शकतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

आता वर्तुळाचं क्षेत्रफळ काढ. १२ मैलांच्या वर्तुळात सुमारे १,५५० चौरस किलोमीटर पाणी येतं. २०० मैलांचं वर्तुळ काढलंस तर ४ लाख ३१ हजार. आपला अख्खा महाराष्ट्र ३ लाख ७ हजार ७१३ चौरस किलोमीटर. आसपास दुसऱ्या कोणाचा किनारा नसेल तर एका टिंबाभोवतीच्या पाण्यात महाराष्ट्र मावतो आणि वर सव्वा लाख चौरस किलोमीटरच्या आसपास उरतं. मी कॅडेटांना हे गणित पहिल्याच तासाला फळ्यावर करायला लावायचो. एकदा हातानं केलं की भांडण दगडासाठी नाही हे सांगावं लागत नाही.

पण प्रत्येक टिंबाला एवढं मोठं वर्तुळ मिळत नाही. कराराचं १२१वं कलम पाठ कर. बेट म्हणजे निसर्गानं तयार झालेली आणि भरतीलाही पाण्याच्या वर राहणारी जमीन. आणि ज्या खडकावर माणसाची वस्ती किंवा स्वतःचं अर्थजीवन टिकू शकत नाही, त्याला १२ मैल मिळतात, २०० नाहीत. त्यामुळे ‘हे बेट की खडक’ या प्रश्नावर सरकारं पाण्यासारखा पैसा ओततात. टोकियोच्या दक्षिणेला सुमारे १,७०० किलोमीटरवर जपानचं ओकिनोतोरिशिमा आहे. भरतीला त्याचे दोन सुळके तेवढे वर राहतात, दोन्ही मिळून आपल्या सिडकोच्या घरातल्या एका खोलीएवढे. ते झिजून जाऊ नयेत म्हणून जपाननं भोवती काँक्रीट घातलं. जपान त्यावरून २०० मैल मागतो, चीन आणि दक्षिण कोरिया म्हणतात हा खडक आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं. पण तोच चीन दक्षिण चीन समुद्रातल्या स्प्रॅटली बेटसमूहात सात खडकांवर भराव टाकतो, त्यांतल्या तीन ठिकाणी धावपट्ट्या बांधतो. नवी मुंबईत राहणाऱ्या मुलीला भराव म्हणजे काय ते सांगायला नको. भरावानं जमीन मिळते, कायद्यानं बेट होत नाही. २०१६च्या लवादानं तर इतू आबालाही खडकच ठरवलं. ते स्प्रॅटलीतलं सगळ्यांत मोठं नैसर्गिक बेट, तैवानच्या ताब्यात, त्यावर विहिरी आहेत, झाडं आहेत, विमानाची धावपट्टी आहे. बाहेरून रसद आणून ठेवलेले सैनिक म्हणजे वस्ती नव्हे, असं लवादाचं म्हणणं. माझ्या मते त्या निवाड्यातला सगळ्यांत धाडसी भाग तोच.

तू चीन-जपान विचारलं आहेस, म्हणजे जपानचं सेनकाकू, चीनचं द्याओयू. पूर्व चीन समुद्रातली पाच निर्मनुष्य बेटं आणि काही खडक. त्यांतलं मोठं उओत्सुरी, तेही पाच चौरस किलोमीटर भरत नाही. जपाननं जानेवारी १८९५मध्ये, ती बेवारस आहेत असं ठरवून, आपल्यात घेतली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युद्ध हरलेल्या चीननं शिमोनोसेकीच्या तहात तैवान जपानला दिलं. चीन म्हणतो बेटंही त्याच पराभवात गेली, तैवानबरोबर ती परत यायला हवीत. जपान म्हणतो ती बाब वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ती अमेरिकेच्या कारभारात होती आणि १५ मे १९७२ला ओकिनावाबरोबर जपानकडे आली. मधल्या काळात, १९६८मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आशियाई आयोगानं तिथल्या समुद्रतळाची पाहणी घडवून आणली आणि तेल असण्याची शक्यता वर्तवली. तैवान आणि चीनचे सरकारी दावे त्यानंतर, १९७०-७१मध्ये आले. तुझ्या क्लासचं ‘तेलासाठी’ इथून येतं. आणि ही बेटं कायमची ओसाड नव्हती. १९४०च्या सुमारापर्यंत तिथं मासे सुकवायचा कारखाना होता, एके काळी दोनशेहून जास्त माणसं राहायची. परीक्षेत हे एक वाक्य लिहिलंस तर तपासणारा थांबून वाचेल.

प्रश्न : वडिलांनी जपून ठेवलेला इंग्रजांच्या वेळचा एक ॲटलास घरात आहे. तो चाळताना वाटतं, बेट ज्याच्या किनाऱ्याला जवळ त्याचं, किंवा जुन्या नकाशात ज्याच्या रंगात त्याचं, असा सरळ नियम का असू नये?
– निवृत्त भूगोल शिक्षक, नौपाडा, ठाणे

सर, तुम्ही ज्या दोन गोष्टींवर भरवसा ठेवता, अंतर आणि नकाशा, त्या दोन्ही न्यायालयात फार कमी टिकतात. टिकते ती वहिवाट. हा आपल्या शेतीच्या भांडणातला शब्द, पण समुद्रातल्या बेटांना तो जसाच्या तसा लागू पडतो.

सेकंड ऑफिसर असताना माझा वॉच रात्री बारा ते चार. हाँगकाँगहून सिंगापूरला येताना दक्षिण चीन समुद्र संपत आला की डोळे क्षितिजावर लावून उभा राहायचो, हॉर्सबर्गचा दिवा कधी दिसतो म्हणून. तो दिसला की सिंगापूरच्या सामुद्रधुनीचं तोंड आलं. दिवसा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मनोरा, खाली १३७ मीटर लांबीचा उघडा खडक. नाव पेद्रा ब्रांका. मलेशियाच्या जोहोर किनाऱ्यापासून हा खडक ८ सागरी मैलांच्या आत, सिंगापूरपासून २४. अंतरानं बघाल तर तो मलेशियाचा.

दिवा ब्रिटिशांनी बांधला, १८५१ मध्ये पेटवला आणि पुढे सिंगापूरनं सांभाळला. १९७९मध्ये मलेशियानं नकाशा काढून खडक आपल्या हद्दीत दाखवला. सिंगापूरनं १९८०मध्ये हरकत घेतली आणि शेवटी प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. न्यायालयानं मान्य केलं, की मुळात खडक जोहोरच्या सुलतानाचाच. पण एक पत्र सापडलं होतं. १९५३च्या जूनमध्ये सिंगापूरच्या सरकारी कचेरीनं जोहोरला लिहून विचारलं, की या खडकाची स्थिती काय? सप्टेंबरमध्ये जोहोरच्या कार्यकारी सचिवाचं उत्तर आलं, की जोहोर सरकार पेद्रा ब्रांकाच्या मालकीचा दावा करत नाही. एका कारकुनी पत्रातलं एक वाक्य. त्यानंतर सिंगापूरनं तिथं बुडालेल्या जहाजांची चौकशी केली, कोणी यायचं कोणी नाही हे ठरवलं, झेंडा लावला, आणि पलीकडून कोणी हूं की चूं केलं नाही. उलट मलाया आणि मलेशियाच्या सरकारी नकाशांत १९६२पासून १९७५पर्यंत खडकाच्या नावाखाली ‘सिंगापूर’ छापलेलं होतं. २३ मे २००८ला १२ विरुद्ध ४ मतांनी खडक सिंगापूरला गेला. शेजारचे मिडल रॉक्स मलेशियाला मिळाले, कारण त्यांच्याबद्दल असं पत्र नव्हतं. जे पत्र लिहिताना त्या अधिकाऱ्याला पाच मिनिटंही लागली नसतील, त्यानं ५५ वर्षांनी निकाल फिरवला. मी हा निवाडा दोनदा सबंध वाचला आहे, आणि दोन्ही वेळा त्या पत्रापाशी थांबलो.

अंतराचा दावा तर १९२८मध्येच निकालात निघाला. फिलिपिन्सजवळच्या पाल्मास बेटावर अमेरिका हक्क सांगत होती, कारण १८९८मध्ये स्पेननं फिलिपिन्स तिला दिलं. अमेरिकेचा एक जनरल १९०६मध्ये आपलं बेट बघायला तिथं गेला, तर बेटावर डच झेंडा! स्विस कायदेपंडित माक्स ह्यूबर एकटेच लवाद होते. त्यांनी सांगितलं, जवळ आहे म्हणून मालकी मिळत नाही, सतत आणि शांततेनं अंमल चालवला असेल तर मिळते. बेट डचांचं ठरलं, आज ते इंडोनेशियात आहे.

अंमल म्हणजे काय, ते बघा. २००२मध्ये सिपादान आणि लिगितान बेटं मलेशियाला मिळाली, त्यात वजन पडलं ते कासवांची अंडी कोणी, किती गोळा करायची याच्या १९१७च्या नियमाचं आणि १९३३मध्ये केलेल्या पक्षी राखीव क्षेत्राचं. इंग्लिश खाडीतल्या एक्रेओ आणि मिंकिए खडकांवरून ब्रिटन आणि फ्रान्सचा वाद १९५३मध्ये सुटला, तेव्हा ब्रिटननं काय दाखवलं? जर्सीच्या दप्तरातली घरपट्टी, खरेदीखतं, आणि तिथं सापडलेल्या प्रेतांचे पंचनामे. प्रेताचा पंचनामा कोणी केला! राजांचे मध्ययुगीन तह एका बाजूला राहिले.

त्याला एक अट आहे. वाद उघड झाल्यावर, दावा भक्कम करायला म्हणून जे केलं जातं त्याला सहसा किंमत मिळत नाही. आज कोणी खडकावर जेटी बांधली, पर्यटक नेले, टपाल तिकीट काढलं, त्याचा न्यायालयात उपयोग जवळजवळ नाही. बातम्यांत मात्र तेच दिसतं.

तुमच्या गावातलंच उदाहरण घ्या ना. १६६१मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. पण मुंबई म्हणजे कुठून कुठवर? इंग्रज म्हणाले साष्टी आणि ठाणं त्यात आलंच, पोर्तुगीज म्हणाले माहीमसुद्धा नाही. ताबा घ्यायला १६६२मध्ये आलेले इंग्रज सैनिक अंजदीव बेटावर अडकून पडले, बहुतेक रोगराईनं मेले. फेब्रुवारी १६६५मध्ये उरलेल्यांना बेट मिळालं, ते साष्टीवाचून. पुढेही ठाणं आणि करंजावरून जाणाऱ्या गलबतांकडून पोर्तुगीज जकात घेत राहिले. नौपाड्यातून चालत जाता येईल त्या खाडीत हा वाद तरंगत होता, आणि जकात कोण घेतो याच प्रश्नावर तो अडला होता.

आणि खांदेरी. थळच्या समोरचं ते बेट मुंबईच्या हद्दीत येतं असं इंग्रज म्हणत, पण तिथं त्यांचं माणूस नव्हतं. १६७९मध्ये शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारीला पाठवून ऐन पावसाळ्यात तटबंदीला हात घातला. इंग्रजांनी जहाजं आणून वेढा घातला, सिद्दी त्यांना येऊन मिळाला, तरी रात्रीच्या अंधारात होड्यांतून रसद पोचत राहिली. १६८०च्या सुरुवातीला इंग्रजांनी समेट केला, सिद्दीनं शेजारची उंदेरी धरली, खांदेरी स्वराज्यात राहिली. जुलै २०२५मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात ती आहे. मांडव्याच्या बाजूनं जाताना तिथला दीपस्तंभ दिसला, की मला ते होड्यांतून दगड आणि धान्य वाहणारे लोक आठवतात.

तुमचा ॲटलास जपून ठेवा, सर. पण त्यातला रंग हा त्या छापखान्याचं मत असतो. तहाला जोडलेला नकाशा वेगळा, आणि स्वतःच्या विरुद्ध जाणारा नकाशा त्याहून वेगळा. तो फार मोलाचा.

प्रश्न : मी कोरियन भाषा शिकते. क्लासमध्ये ‘डोकडो आमचं’ असं गाणंच आहे म्हणतात. जपानी शिकणारी मैत्रीण ‘ताकेशिमा’ म्हणते. बरोबर नाव कोणतं?
– खारघर

तुम्ही कोरियन बोलताना डोकडो म्हणा, मैत्रिणीनं जपानी बोलताना ताकेशिमा म्हणावं. मराठीत लेख लिहाल तेव्हा दोन्ही नावं द्या. मी चार्टवर ‘लियांकूर रॉक्स’ वाचायचो, १८४९मध्ये तिथून गेलेल्या फ्रेंच व्हेल-शिकारी जहाजाचं नाव. कोरिया आणि जपान यांच्या मधल्या समुद्रातली ही बेटं आज दक्षिण कोरियाच्या ताब्यात आहेत आणि तिथं त्यांचे पोलीस असतात. जपान फेब्रुवारी १९०५चा, शिमाने प्रांतात बेटं घेतल्याचा निर्णय पुढे करतो, कोरिया १९००चा आपल्या सम्राटाचा हुकूम. १९०५च्या अखेरीला कोरियावर जपानचं संरक्षण लादलं गेलं आणि १९१०मध्ये देशच गिळला गेला, म्हणून कोरियन माणसाला ही बेटं म्हणजे त्या गुलामीचा पहिला घास वाटतो. १९५४मध्ये जपाननं न्यायालयात जाऊ म्हटलं, कोरियानं नाही म्हटलं. ज्याचा ताबा आहे तो कशाला जाईल? तुमच्या शिक्षकांशी यावर वाद घालू नका, त्यांच्या आजोबांची गोष्ट विचारा.

प्रश्न : कच्चथीवू आपण श्रीलंकेला देऊन टाकलं, ते परत घेतलं की तमिळ मच्छीमारांची अटक थांबेल, असं निवडणुकीच्या वेळी ऐकलं. हे खरं आहे का?
– बँक कर्मचारी, डोंबिवली

नाही थांबणार. माझं मत मी आधी सांगून टाकतो, मग कारणं.

कच्चथीवू २८५ एकरांचं, रामेश्वरम आणि श्रीलंकेचं नेडुंतीवू यांच्या मधलं. गोडं पाणी नाही, संत अँटनीचं देऊळ आहे. रामनाडच्या राजाच्या जमीनदारीत ते मोडायचं असं आपल्याकडचे कागद सांगतात. सिलोनचाही दावा ब्रिटिश काळापासूनचा. जून १९७४च्या करारात पाल्कच्या उपसागरातली सीमा अशी आखली गेली, की बेट पलीकडे गेलं. त्या करारात भारतीय मच्छीमार आणि यात्रेकरूंना कागदपत्रांशिवाय बेटावर जायची मुभा ठेवली होती. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये देवळाच्या यात्रेला दोन्ही किनाऱ्यांवरचे तमिळ अजूनही तिथं भेटतात. मार्च १९७६मध्ये मात्र दोन्ही सरकारांनी पत्रांची देवाणघेवाण करून ठरवलं, की एकानं दुसऱ्याच्या पाण्यात मासेमारी करायची नाही. त्याच वेळी कन्याकुमारीच्या दक्षिणेची वेज बँक, म्हणजे समुद्रातला माशांनी भरलेला उथळ पट्टा, भारताची ठरली. ‘देऊन टाकलं’ म्हणणारे वेज बँकेचं नाव घेत नाहीत, हे मला खटकतं. आणि ज्यांना विचारायला हवं होतं त्या रामेश्वरमच्या मच्छीमारांना दोन्ही वेळा कोणी विचारलं नाही, हे त्याहून जास्त खटकतं.

आता अटका. त्या बेटामुळे होत नाहीत, ट्रॉलरमुळे होतात. तमिळनाडूच्या बाजूला तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरांनी मासा संपवला, म्हणून ते पलीकडे जातात. पलीकडेही तमिळच आहेत. जाफना, मन्नारचे मच्छीमार १९८३पासून २००९पर्यंत युद्धामुळे समुद्रापासून तुटले होते. ते परत पाण्यात उतरले तर रात्री आलेले ट्रॉलर त्यांची जाळी फाडून गेले. श्रीलंकेनं २०१७मध्ये तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. आपल्याकडे पर्ससीन आणि एलईडीच्या बोटींबद्दल दिवाळे, सारसोळेचे कोळी जे बोलतात, तेच मन्नारचा माणूस बोलतो. बेट परत मिळालं तरी त्या उथळ समुद्राचा तळ भरून यायचा नाही. ट्रॉलरमालकांना खोल समुद्रातल्या लांब दोरीच्या मासेमारीकडे वळवायचं काम सुरू झालं आहे, त्याला पैसा आणि वेळ द्यायला हवा.

प्रश्न : साहेब, मी तुर्भ्याच्या मार्केटमध्ये भाजी निवडायच्या कामाला आहे. माझं माहेर तलासरीकडे. भाऊ नारळी पौर्णिमेनंतर ओख्याला ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला. बोट पाकिस्ताननं पकडली. शेठ म्हणतो, रेष ओलांडली. पाण्यावर रेष कुठे असते? तो कधी येईल?
– तुर्भे

ताई, कांडल्याला जाताना ओख्यासमोरून मी कितीतरी वेळा रात्रीचा गेलो आहे. लाकडी बोटी, एकेक मिणमिणता दिवा, जाळं पाण्यात. माझ्या जहाजावर तीन तीन यंत्रं जागा सांगायची, तरी मला ती रेष समुद्रावर कधी दिसली नाही. तुमच्या भावाला कशी दिसणार? तो तर तांडेल नेईल तिकडे जाणारा. त्याचा दोष नाही, हे घरात सगळ्यांना सांगा.

खरं तर तिथं दोन्ही देशांनी मान्य केलेली रेषच नाही. कच्छ आणि सिंधच्या मधे ९६ किलोमीटरची सर खाडी आहे. १९१४मध्ये मुंबई सरकारनं कच्छचे राव आणि सिंध यांच्यातला तंटा मिटवायला एक ठराव केला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे हे भांडण आपल्याच कचेरीत लिहिलं गेलं. पाकिस्तान त्याच ठरावावरून म्हणतो सीमा खाडीच्या पूर्व काठावर, भारत त्याच ठरावावरून म्हणतो प्रवाहाच्या मधोमध. खाडी गाळानं सरकत राहते. समुद्रातली सीमा खाडीच्या मुखापासून सुरू व्हायची असते, ते मुखच ठरलेलं नाही. म्हणून पुढे समुद्रात दोन्ही बाजू आपापली रेष धरून माणसं उचलतात. आपल्याकडेही पाकिस्तानी खलाशी असेच तुरुंगात आहेत, त्यांच्याही बहिणी आहेत.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण तो तुमच्या बाजूनं आहे. त्याच १९८२च्या कराराचं ७३वं कलम : अनन्य आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला म्हणून, दोन देशांत तसा वेगळा करार नसेल तर, माणसाला कैद करता येत नाही. वाजवी जामीन घेऊन बोट आणि माणसं लवकर सोडावीत. हा करार भारतानं १९९५मध्ये आणि पाकिस्ताननं १९९७मध्ये मान्य केला आहे. आणि सुरुवातीला लिहिलं तो स्कारबरोचा निवाडा, त्यात लवादानं सांगितलं, की खडक कोणाचाही असो, तिथं पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या फिलिपिनो आणि चिनी, दोघांचाही पारंपरिक हक्क राहतो. आपल्या दोन सरकारांनी एवढं तरी आपसांत ठरवावं यासाठी मी गेली दहा वर्षं लिहितो आहे, पुढेही लिहीन.

तो कधी येईल ही तारीख मी देऊ शकत नाही, खोटा धीर देणार नाही. काय करायचं ते सांगतो. २००८च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, त्यात मच्छीमारांची यादी वेगळी असते. अटकेनंतर तीन महिन्यांत आपल्या वकिलातीच्या माणसाला त्याला भेटू द्यायचं असतं. शिक्षा संपली आणि तो भारतीय असल्याची खात्री झाली, की महिन्याभरात सोडायचं असतं. ती खात्री गावातून होते. पोलीस पाटील, ग्रामपंचायत, पोलीस ठाणं. इथंच महिने जातात. म्हणून कोणी चौकशीला यायची वाट बघू नका. भावाचं आधार कार्ड, रेशन कार्डाची प्रत, शाळेचा दाखला किंवा जातीचा दाखला, जे असेल ते गोळा करा. शेठकडून बोटीचा नोंदणी क्रमांक आणि समुद्रात जाताना घेतलेल्या टोकनाची प्रत मागा. त्यावर खलाशांची नावं असतात, आणि ती प्रत द्यायला त्यानं कां कूं केलं तर मला कळवा. हे सगळं पालघर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच सगळीकडे लिहा, एका अक्षराच्या फरकानं माणूस यादीत सापडत नाही.

अर्ज मी लिहून देतो. माझा नेरुळचा पत्ता संपादकांकडे ठेवला आहे, मार्केटला सुट्टी असेल त्या दिवशी या. भावाचा चेहरा स्पष्ट दिसेल असा एक फोटो आणा, मोबाइलमधला असला तरी चालेल.